एका कुपीतले दोन डोस

अण्णांच्या गालाचा कॅन्सर ऑपरेशन आणि लाईट झाल्यानंतर आठ महिन्यांत परत आला. (गावाकडे रेडिएशनला लाईटच म्हणतात.) जिल्ह्याच्या गावातल्या एका खाजगी रुग्णालयात अण्णा, माझा चुलतभाऊ आणि मी असे तिघं बसलो होतो. डॉक्टर घाई न करता बोलले. आता नुसत्या केमोने फारसं साधणार नाही, इम्युनोथेरपी म्हणून औषध आहे, बाहेरच्या देशांत हेच देतात, असं त्यांनी सांगितलं. मग काउंटरवरच्या मुलीने एका कागदावर आकडा लिहून दिला. दर दोन आठवड्यांनी एक सलाईन, आणि एका सलाईनला लाखाच्या पुढे. चुलतभावाने कागद वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. अण्णांनी तो उलटून पाहिला नाही. परत येताना एसटीत ते एवढंच म्हणाले, "विहिरीकडचं रान विकायचं नाही."

दुसरं मत घ्यायला मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनीही त्याच औषधाचं नाव घेतलं, निवोलुमॅब. डोस मात्र २० मिलिग्रॅम, तोही तीन आठवड्यांनी एकदा, आणि जोडीला रोजच्या काही गोळ्या. आधीच्या कागदावर दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम लिहिलेले होते. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर एकीकडे ७२० मिलिग्रॅम, दुसरीकडे ४०. अठरावा हिस्सा. आमच्या मनात पहिली शंका आली ती कुणाच्याही मनात येईल तीच: गरीब बघून पाणी घातलेलं औषध देतायत की काय?

ही शंका खोटी होती हे मला पुढे वाचून कळलं, आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कॅन्सरवरचं जे संशोधन उपचार महाग करतं, ते डॉक्टरांच्या टेबलापर्यंत आपोआप पोहोचतं. जे संशोधन उपचार स्वस्त करतं, त्याला पोहोचवणारा कुणी नसतो. हे काम सरकारने अंगावर घेतलं पाहिजे, दुसरं कुणी घेणार नाही.

त्या २० मिलिग्रॅममागे टाटा मेमोरियल रुग्णालयातली एक चाचणी आहे. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या भागातला कॅन्सर परत आलेले किंवा पसरलेले १५१ रुग्ण घेतले. निम्म्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब अशा तीन गोळ्या दिल्या. उरलेल्यांना त्याच गोळ्या आणि वर तीन आठवड्यांनी एकदा २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. कोण कुठल्या गटात हे नशिबावर, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. नुसत्या गोळ्यांच्या गटात वर्षभराने १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटात ४३.४ टक्के. गंभीर दुष्परिणाम दोन्हीकडे जवळपास सारखेच. हे निष्कर्ष २०२२ च्या अखेरीस 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त आले. त्या शोधनिबंधाच्या सुरुवातीलाच एक वाक्य आहे, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं: या आजारासाठी मान्यता मिळालेले उपचार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत फक्त १ ते ३ टक्के रुग्णांना परवडतात. उरलेल्या ९७ जणांचं काय, या प्रश्नातून ती चाचणी जन्माला आली. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तरी पुड्या मिळतात, हे ज्याला माहीत नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

इतका थोडा डोस पुरतो कसा? आपल्या टी-पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींवर, पीडी-१ नावाचा एक खटका असतो. कॅन्सरची गाठ तो खटका दाबते आणि त्या पेशी गप्प बसतात. निवोलुमॅब त्या खटक्यावर जाऊन बसतं, त्यामुळे गाठीला तो दाबता येत नाही. आता हे खटके मोजके आहेत. सगळ्यांवर झाकण बसलं की उरलेलं औषध रक्तात नुसतं फिरत राहतं. या औषधाच्या अगदी सुरुवातीच्या चाचण्यांत वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपासून १० मिलिग्रॅमपर्यंत डोस देऊन पाहिले होते. डोसात शंभर पटींचा फरक, पण खटके झाकले जाण्याचं प्रमाण साधारण तेवढंच. अण्णांचं वजन तेव्हा साठ किलोच्या आसपास होतं. २० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे ०.३३. त्या पट्ट्याच्या आत, बऱ्यापैकी आत.

मग मोठा डोस आला कुठून? जुन्या केमोच्या सवयीतून. केमो पेशी मारते, त्यामुळे रुग्णाला सोसेल तेवढा जास्तीत जास्त डोस शोधायचा, ही रीत त्या काळात बरोबरच होती. नवी औषधं वेगळ्या तऱ्हेने काम करतात, पण डोस ठरवायची रीत बऱ्याच अंशी जुनीच राहिली. अमेरिकेच्या औषध नियामकांनाही हे जाणवलं. २०२१ मध्ये त्यांनी 'प्रोजेक्ट ऑप्टिमस' सुरू केला, कॅन्सरच्या औषधांचा योग्य डोस आधी शोधा असं कंपन्यांना सांगणारा. त्याच वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या सोटोरासिबला परवानगी देताना ९६० ऐवजी २४० मिलिग्रॅम देऊन तुलना करा, अशी अट त्यांनी घातली. प्रोस्टेटच्या कॅन्सरवरच्या ॲबिराटेरोनची गोष्ट तर आणखी साधी. ती गोळी उपाशीपोटी १००० मिलिग्रॅम घ्यायची असते, कारण जेवणाबरोबर ती कितीतरी जास्त शोषली जाते. शिकागोच्या संशोधकांनी ७२ रुग्णांमध्ये हलक्या नाश्त्याबरोबर फक्त २५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. रक्तातल्या पीएसएवर, म्हणजे ज्यावरून या कॅन्सरचा अंदाज घेतात त्या प्रथिनावर, परिणाम पूर्ण डोसाइतकाच दिसला. २०१८ मध्ये ते छापूनही आलं. चार गोळ्यांच्या जागी एक गोळी आणि नाश्ता.

कंपनीला यात शिव्या घालून उपयोग नाही. औषध मिलिग्रॅमवर विकलं जातं. अठराव्या हिश्शात काम भागतं हे सिद्ध करण्यासाठी स्वतःचे कोट्यवधी रुपये कोण घालेल? नव्या महाग औषधाची बातमी घेऊन एमआर, म्हणजे कंपनीचा माणूस, दवाखान्यात येतो, परिषदेत त्याचा मंडप असतो, जेवणाच्या वेळी त्याच्यावर भाषण असतं. कमी डोसाचा एमआर नसतो. जिल्ह्याच्या गावातले आमचे ते डॉक्टर वाईट नव्हते. त्यांच्यापर्यंत जे पोहोचलं होतं तेच त्यांनी सांगितलं.

आता विरुद्ध बाजू. ती मी हलक्यात घेत नाही, कारण ती खरी आहे. टाटाच्या चाचणीत कमी डोसाची तुलना पूर्ण डोसाशी झाली नाही, निवोलुमॅब न घेणाऱ्यांशी झाली. म्हणजे गोळ्यांच्या जोडीला कमी डोस देणं हे नुसत्या गोळ्यांपेक्षा कितीतरी बरं, हे सिद्ध झालं. तो पूर्ण डोसाच्या बरोबरीचा आहे, हे अजून सिद्ध झालेलं नाही. २०१६ मध्ये पूर्ण डोसाची जी मोठी चाचणी आली तिच्यात वर्षभराने ३६ टक्के रुग्ण हयात होते, आणि इथे ४३.४ टक्के, असे दोन आकडे शेजारी मांडून कुणी कमी डोस सरस ठरवत असेल तर ते चूक आहे. रुग्ण वेगळे, जोडीची औषधं वेगळी. ज्याच्या खिशात पूर्ण डोसाचे पैसे आहेत त्याला डॉक्टर कमी डोस देत नाहीत ते याचमुळे, आणि त्यांचं बरोबर आहे.

पण ज्याच्या खिशात ते नाहीत त्याच्यापुढे पूर्ण डोस की कमी डोस असा प्रश्नच येत नाही. त्याला कमी डोस मिळतो किंवा तो घरी जातो. आणि बरोबरीचा प्रश्न सुटत नसेल तर तो सोडवायचा मार्ग सरळ आहे: दोन्ही डोस समोरासमोर ठेवून चाचणी करा. ती सर्वांत जास्त फायद्याची कुणाला? जो हजारो लोकांच्या उपचाराचं बिल भरतो त्याला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचा खर्च सरकार उचलतं. पूर्ण डोसाच्या हिशेबाने हे ५ लाख किती सलाईनांत संपतील ते काउंटरवरचा कुणीही सांगेल. म्हणजे ज्या चाचणीने सरकारचाच पैसा वाचणार, ती चाचणी सरकारने सोडून बाकी सगळ्यांनी करावी अशी आपली अपेक्षा आहे. हे मला पटत नाही. काही जण म्हणतात, पेटंट संपलं की दुसऱ्या कंपन्यांची जैवसमान, म्हणजे तशीच, औषधं येतात, किंमत उतरते, मग डोसाचा वाद कशाला? किंमत उतरते हे खरं. पण उतरलेल्या किमतीचाही अठरावा हिस्सा हा अठरावा हिस्साच असतो. आणि आज निवोलुमॅब आहे, उद्या दुसरं नवं औषध येईल. डोस तपासायची सवय लागली तर ती पुढच्या प्रत्येक औषधाला कामाला येईल.

स्वस्त उत्तराला वाली नसला की काय होतं याचं याहून बोलकं उदाहरण स्तनाच्या कॅन्सरचं आहे. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १६०० बायकांवर एक साधा प्रयोग केला. ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या चहूबाजूंनी लिग्नोकेन टोचायचं. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करायला देतात ते. ऑपरेशनच्या धक्क्याने गाठीतल्या पेशी सुटून पसरू पाहतात, त्यांना त्या क्षणी अडवता येईल का, असा त्यामागचा विचार. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या, दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के. सगळं मिळून खर्च शंभर रुपयांच्या आसपास. २०२२ मध्ये पॅरिसच्या परिषदेत हे मांडलं गेलं, पुढच्या वर्षी छापून आलं.

यावरही आक्षेप आहेत. दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन दिलं नव्हतं, त्यामुळे कोणाला काय दिलं हे शल्यविशारदांना माहीत होतं. एका बधिरीकरणाने पाच वर्षांनंतरचं आयुष्य बदलावं हे अनेकांना पटत नाही. शंका रास्त आहे. मग दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी तीच चाचणी पुन्हा व्हायला हवी. एखाद्या महागड्या औषधाने मृत्यूचं प्रमाण इतकं खाली आणलं असतं तर ती चाचणी पुन्हा करायला, दुसऱ्या अवयवांच्या कॅन्सरमध्ये करायला रांग लागली असती. लिग्नोकेनसाठी रांग कोण लावणार? त्याचं पेटंट कधीच संपलं आहे. शंभर रुपयांच्या इंजेक्शनबद्दल आपण अधिक पुरावा मागतो आणि तो पुरावा गोळा करायला पैसे देत नाही, हा रुग्णांवर अन्याय आहे.

आणि आता बार्शीकडे येतो, कारण तिथे ही गोष्ट सर्वांत जास्त टोचते. ऑक्टोबर १९९९ मध्ये त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलला धरून, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांची चाचणी सुरू झाली. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी कोणती तपासणी खरोखर जीव वाचवते ते पाहायचं होतं. गावांचे ५२ समूह करून चार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूसाठी तपासणी, एकदाच. दुसऱ्या गटात पॅप, म्हणजे तिथल्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, आणि तिसऱ्यात व्हिनेगरसारखं आम्ल लावून डोळ्यांनी पाहणं. चौथ्या गटाला माहिती दिली, तपासणी दिली नाही. आठ वर्षांत चौथ्या गटात या कॅन्सरने ६४ मृत्यू झाले, एचपीव्ही गटात ३४. एप्रिल २००९ मध्ये हे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलं. आयुष्यात एकदा झालेली तपासणी मृत्यू जवळपास निम्मे करते. चौथ्या गटाला तपासणी का दिली नाही यावरून पुढे नैतिक वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही तपासणी हीच पहिली तपासणी असावी असं सांगितलं. त्या शिफारशीमागे ज्यांचा पुरावा आहे, त्यांत उस्मानाबादच्या या बायका आहेत.

जगाने ते ऐकलं. आपण काय केलं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की पिशवीच्या तोंडाची तपासणी कधी झाली आहे का. 'हो' म्हणणाऱ्या १.९ टक्के. दर वर्षी सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि ८० हजारांच्या आसपास मरतात, त्या या देशात. निरोगी बाई कुणाचीच गिऱ्हाईक नसते. तिला तपासलं नाही म्हणून कुठल्या रुग्णालयाचं बिल बुडत नाही. ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी आपल्या शरीरावर हा पुरावा तयार होऊ दिला, त्यांच्या लेकीसुनांना ती तपासणी आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात मिळाली पाहिजे, आणि ती उपकार म्हणून मिळता कामा नये. ते आपलं देणं आहे.

मग करायचं काय? मला जे जमण्यासारखं दिसतं ते सांगतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं उभारायची घोषणा झाली. या केंद्रांत खुर्च्या आणि सलाईनचे स्टँड येतील, ते हवेतच. पण तिथे कुठलं औषध कुठल्या डोसात द्यायचं हे कोण ठरवणार? तो निर्णय एकेकट्या डॉक्टरवर सोडला तर तो कोर्टाच्या भीतीने पुस्तकातला डोस लिहील आणि रुग्ण घरी जाईल. ज्या कमी खर्चाच्या उपचाराला चांगल्या चाचणीचा आधार आहे तो सरकारी योजनेच्या प्रमाण पद्धतीत नावानिशी, डोसानिशी आला पाहिजे, म्हणजे तो देणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी कागद असेल. आणि असा उपचार घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नोंद राहिली पाहिजे: कधी सुरू केला, काय त्रास झाला, किती जगला. १९८७ पासून बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे. वही ठेवायचं काम आपल्याला नवीन नाही. नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे कॅन्सर रुग्णालयांची साखळी, २०१२ मध्ये सुरू झाली, तिच्यात आज देशभरातली ३०० हून जास्त केंद्रं आहेत. त्यांनी ४० औषधांची एकत्र खरेदी करून सुमारे १,३०० कोटी रुपये वाचवले. असे वाचलेले पैसे डोसाच्या चाचण्यांना, लिग्नोकेनच्या पुढच्या चाचणीला मिळावेत. तंबाखूवर जो कर गोळा होतो त्यातला एक वाटा या कामाला बांधून दिला तर त्याहून योग्य जागा त्या पैशाला मिळणार नाही.

आणखी एक काम आहे, ते कुठल्या शोधनिबंधात नसतं. निवोलुमॅबची लहान कुपी ४० मिलिग्रॅमची येते. २० चा डोस म्हणजे एका कुपीत दोन माणसं. कुपी फोडली की थोड्या तासांत वापरावी लागते, म्हणून दोन रुग्णांना एकाच दिवशी बोलवतात आणि खर्च अर्धा अर्धा होतो. अण्णांचे जोडीदार विदर्भातले एक किराणा दुकानदार होते. दोघांचा वार गुरुवार. एका गुरुवारी त्यांची गाडी लेट झाली. नर्सने कुपी फोडली नाही, अण्णा दुपारी तीनपर्यंत खुर्चीत बसून राहिले आणि दुकानदारांच्या मुलाला दर अर्ध्या तासाने फोन करून कुठपर्यंत आलात ते विचारत राहिले. हे जुळवणं तेव्हा एक नर्स आणि दोन घरं मिळून करत होती. जिल्ह्याजिल्ह्याच्या डे-केअरमध्ये ते योजनेने करायला हवं, एका यादीवर, ठरलेल्या वारी. जोडीदार आला नाही म्हणून कुणाचा डोस चुकायला नको.

अण्णा त्यानंतर चौदा महिने जगले. ते या औषधामुळेच असं मी म्हणणार नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नसतं, म्हणून तर १५१ माणसांची चाचणी लागते. पण त्या चौदा महिन्यांत त्यांनी नातीच्या बारशाला नाव ठेवलं आणि विहिरीकडच्या रानात ज्वारीचं एक पीक घेतलं.

ते गेले तो मंगळवार होता. माझ्या चुलतभावाने पहिला फोन बहिणीला केला आणि दुसरा मुंबईला, डे-केअरच्या नर्सना. गुरुवारच्या कुपीला आता दुसरं माणूस लागेल, एवढंच सांगायला.